पहाटेचे तीन धक्के

२२ मे १९९७. बुद्धपौर्णिमेचा दिवस उजाडायला अजून तासभर अवकाश होता. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी जबलपूरजवळ, नर्मदेच्या दक्षिणेकडची एक जुनी भेग जमिनीत सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर सरकली. भूकंपाची ताकद ५.८ भरली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावं लागलं. केंद्रबिंदूपासून ते सरळ रेषेत जेमतेम १८० किलोमीटर. बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोटी गाडी त्या काळी चालू होती आणि तिच्या रुळांइतकंच सोयरिकींचं जाळंही दोन्हीकडे पसरलेलं होतं. धक्का नागपूर-भंडाऱ्यापर्यंत जाणवला. जबलपूरच्या आसपास कोसमघाटसारख्या गावांत घरं कोसळली, शहरात हजारो भिंतींना तडे गेले. माणसं गेली ती चाळीसच्या आसपास.

चाळीस हा आकडा लहान नाही. पण त्या वर्षी महाराष्ट्रात भूकंप म्हटलं की दुसराच आकडा आठवायचा. किल्लारीला तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट, तीन वाजून छप्पन मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपी गेले होते. त्या भूकंपाची ताकद ६.२ ते ६.३ मानतात. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून ७,९२८ माणसं मेल्याची सरकारी नोंद आहे. साडेनऊ हजारांच्या पुढचा आकडाही अनेक ठिकाणी दिलेला आढळतो.

हे दोन भूकंप शेजारी ठेवले की हिशेब बिघडतो. भूकंपाच्या मापनात एक अंक वाढला की जमिनीचं हलणं दहापट वाढतं आणि बाहेर पडणारी ऊर्जा जवळपास बत्तीसपट. त्या मापाने ५.८ आणि ६.२ यांच्यातला फरक ऊर्जेत साधारण चौपटीचा. मृत्यू मात्र दोनशेपट. चौपटीचे दोनशेपट कुठे झाले, हे रिश्टरच्या आकड्यात सापडत नाही. (रिश्टर हेही सवयीने म्हणायचं. चार्ल्स रिश्टरने १९३५ साली कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी बसवलेलं माप शास्त्रज्ञांनी मोठ्या भूकंपांसाठी केव्हाच बाजूला ठेवलंय. आपल्या वर्तमानपत्रांनी ते सोडलेलं नाही.)

एक कारण खोलीचं. जबलपूरची भेग ३५ किलोमीटर खाली सरकली, किल्लारीची दहा किलोमीटरच्या आत. खोलवरचा धक्का वर येईपर्यंत पसरतो आणि मंदावतो. दूरवर जाणवतो, पण एका जागी फार जोर करत नाही. किल्लारीत जमीन फाटून वर उचललेली डोळ्यांना दिसत होती. उथळ भूकंपाचा जाच थोड्या टापूत असतो, पण त्या टापूत तो कुणाला सोडत नाही. मोरोक्कोच्या अगादिर शहराखाली २९ फेब्रुवारी १९६० रोजी असाच उथळ भूकंप झाला. त्याची ताकद जबलपूरइतकीच, ५.८च्या आसपास. तिथे बारा हजारांहून जास्त लोक मेले.

पण खोलीने सगळं उलगडत नाही, कारण महाराष्ट्राच्याच इतिहासात किल्लारीचा जुळा भाऊ आहे. ११ डिसेंबर १९६७, कोयनानगर. वेळ पुन्हा चार वाजून एकवीस मिनिटं, म्हणजे पुढे तीस वर्षांनी जबलपूर हादरलं नेमकी तीच. ताकद ६.३, भेग उथळ, हंगाम थंडीचा, माणसं घरात पांघरुणात. वर्तमानपत्रांनी कधी ६.५ लिहिलं, कधी ७, आज ६.३ धरतात. १०३ मीटर उंचीचं धरण हललं, त्याला तडे गेले, पण ते उभं राहिलं. धरणाच्या भिंतीतल्या यंत्राने गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्क्यांएवढा आडवा झटका नोंदवला. जगभरचे अभियंते तो आलेख पुढे कित्येक वर्षं अभ्यासत राहिले. वीज गेली आणि मुंबईच्या गिरण्या-कारखाने थबकले. कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. मेलेल्यांची संख्या १८०च्या आसपास.

ताकद तीच, खोली जवळपास तीच, वेळ तीच, भिंती दोन्हीकडे दगडाच्याच. तरी एकीकडे १८० आणि दुसरीकडे आठ हजार.

यातला मोठा वाटा वस्तीचा, हे आधी कबूल करायला हवं. कोयनेचं खोरं डोंगराळ, वाड्या विखुरलेल्या. औसा आणि उमरगा तालुक्यांची गावं मोठी आणि दाट, घराला घर लागलेलं, गल्ल्या इतक्या अरुंद की पळून बाहेर आलेला माणूस समोरच्याच्या भिंतीखाली सापडावा. पण वस्तीचा हिशेब वजा केला तरी काही उरतंच. ते उरलेलं छपरावर होतं.

कोयनेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे सपाट मातीचं छप्पर एक पावसाळाही काढणार नाही. म्हणून उतरतं छप्पर, वर कौल नाहीतर पत्रा. किल्लारीकडे पाऊस सातशे-आठशे मिलिमीटरचा आणि उन्हाळा कडक. तिथे माळवद. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर किलचाची दाटी, त्यावर पाला-चिपाडं आणि वर पांढरीची माती चोपलेली. छत गळू लागलं की वर नवा थर. आजोबाने घातलेला थर नातवाच्या काळात तसाच असायचा, त्यावर बापाचा आणि त्यावर नातवाचा. फूट-दोन फूट जाडी ही नवलाची गोष्ट नव्हती. एक फूट मातीचं वजन चौरस मीटरला अर्धा टन धरा. दहा फूट बाय तेरा फुटांच्या खोलीवर सहा टन झाले. उन्हाळ्यात खाली गारवा, रात्री वर झोपायला जागा, वाळवणाला अंगण. माळवदाने माणसाला बरंच दिलं होतं.

भिंतींचंही तसंच. शेतातले वाटोळे काळे दगड मातीच्या गाऱ्यात रचलेले, बाहेरून एक तोंड, आतून एक तोंड, मधली पोकळी चिपांनी भरलेली. भिंतीची दोन्ही तोंडं बांधून ठेवणारे आरपार दगड फारसे कुणी घालत नसे. दोन-अडीच फुटांची भिंत साधी, वाड्याची चार-पाच फुटांचीही. पण जाड म्हणजे मजबूत हा समज त्या पहाटे संपला. हलताना भिंतीची दोन तोंडं एकमेकांपासून सुटली, एक आत कोसळलं, एक बाहेर, आणि सहा टन माती झोपलेल्यांवर आली. तिच्या धुळीत श्वास कोंडला. लाकडी खांबांचा सांगाडा जिथे धड होता, तिथे भिंती पडून छत उभं राहिलेली घरंही होती. तिथली माणसं वाचली.

आणि एक गोष्ट लातूरचे अहवाल वाचताना सारखी समोर येते. गावाबाहेरच्या वस्त्यांमधली कुडाची, गवताची, पत्र्याची खोपटं मोठ्या प्रमाणात टिकली. ज्यांना दगड परवडला नव्हता, ज्यांना पांढरीवर जागा मिळाली नव्हती, त्यांच्या डोक्यावर पडायला फारसं काही नव्हतं. वाडे गेले, खोपटं राहिली. नेहमी आपत्ती गरिबाला आधी गाठते, हा अनुभव खरा आहे. किल्लारीत काही गल्ल्यांपुरता तो उलटा झाला.

आगाऊ सूचना नव्हती असंही म्हणता येत नाही. १९९२च्या उत्तरार्धापासून किल्लारीच्या आसपास शंभराहून अधिक छोटे धक्के बसले होते. ऑक्टोबर १९९२च्या धक्क्याने काही भिंतींना तडेही गेले. पण देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार म्हणजे भक्कम खडक, ते हलत नाही, हे शाळेच्या पुस्तकापासून सरकारी कचेरीपर्यंत सर्वांना पाठ होतं. भूकंपानंतर किल्लारीत खोल भोक पाडलं तेव्हा काळ्या कातळाचा थर ३३८ मीटरवर संपला आणि खाली फार प्राचीन नाइसचा खडक लागला. भेग त्या तळाच्या खडकातून आलेली होती.

ही नाइसची गोष्ट गोंदियाच्या वाचकाला परकी नाही. किल्लारीत जो तसला खडक तिसरा हिस्सा किलोमीटर खाली दडलाय, तो गोंदिया जिल्ह्यात उघड्यावर आहे. भूगर्भशास्त्रात ‘आमगाव नाइस’ नावाचा खडकसमूह आहे, तो आपल्याच आमगाववरून ओळखला जातो आणि त्याचं वय अब्जांमध्ये मोजतात. थोडं उत्तरेला, बालाघाटच्या अंगाने, मध्य भारतातल्या दोन प्राचीन भूखंडांची जोड गेलेली आहे. बालाघाट परिसरात २५ ऑगस्ट १९५७ रोजी साडेपाचच्या आसपासच्या ताकदीचा भूकंप झाल्याची नोंद भूकंपसूचीत सापडते. त्याआधी १४ मार्च १९३८ला सातपुड्यात सव्वासहाच्या घरातला भूकंप झाला. तो किल्लारीच्या तोडीचा, पण जबलपूरसारखाच खोल, चाळीस किलोमीटरच्या आसपासचा. तो मध्य हिंदुस्थानात फार दूरवर जाणवला आणि मोठी प्राणहानी न करता ओसरला. २००२च्या सरकारी नकाशात मात्र पूर्व विदर्भाचा बहुतेक भाग झोन दोनमध्ये, म्हणजे त्या नकाशाच्या सर्वांत खालच्या पायरीवर होता.

या नकाशाचा इतिहास थोडा विचित्र आहे. १९६७ला कोयना झाली, मग कोयना वरच्या झोनमध्ये गेली. १९९३ला किल्लारी झाली, मग २००२च्या नकाशात लातूरचा टापू झोन तीनमध्ये आला आणि झोन एक हा प्रकारच रद्द झाला. नकाशा करणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. पठारी प्रदेशातल्या भेगांना पुन्हा सरकायला हजारो वर्षं लागू शकतात आणि आपल्या हाती लेखी नोंदी दोन-तीनशे वर्षांच्या. तरीही मेलेली माणसं मोजल्यावर रंग बदलणारा नकाशा घर बांधणाऱ्याला फारसं सांगत नाही, एवढं खरं.

आता जबलपूरकडे परत. तिथे चाळीसवर का थांबलं? खोली हे एक उत्तर झालं. दुसरं महिन्यात आहे. मे महिन्यात नर्मदेपासून वैनगंगेपर्यंत सगळा मुलूख अंगणात, ओट्यावर, गच्चीवर बाजा टाकून झोपतो. पहाटे चारला घरात असतील ते म्हातारे, आजारी, बाळंतिणी. हाच धक्का जानेवारीत बसता तर? तिसरं उत्तर पुन्हा छपराचं. त्या भागात खेड्यांतली बरीच घरं मातीच्या भिंतींची आणि कवेलूच्या छपराची. पावसाळ्यात बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस घेणाऱ्या या पट्ट्यात माळवद टिकत नाही. गोंदियातही तेच: लाकडी मयाली, बांबूचे फाटे, वर गावच्या कुंभाराने केलेले कवेलू, ज्यांना तेही जमत नसे त्यांच्या छपरावर तणस नाहीतर गवत. मातीची भिंत भूकंपात वाईटच, ती फुटते, ढासळते. पण तिच्यावरच्या छपराचं वजन किल्लारीच्या माळवदाच्या ढोबळ हिशेबाने सातवा-आठवा हिस्सा. कवेलू डोक्यात पडला तर खोक पडेल, हात मोडेल. त्याखाली माणूस सहसा गाडला जात नाही.

झाडीपट्टीतल्या लोकांनी भूकंपाचा विचार करून असं घर बांधलं असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी पावसाचा आणि जंगलात मिळणाऱ्या बांबू-लाकडाचा विचार केला. भूकंपात जीव वाचवण्याचा गुण त्या घराला आयताच मिळाला, जसा माळवदाच्या घराला जीव घेण्याचा दोष आयता मिळाला. पारंपरिक घराचं कौतुक करणाऱ्यांनी किल्लारी आठवावी आणि त्याची टर उडवणाऱ्यांनी कोसमघाट.

मोठ्या भूकंपांचेही आकडे असेच वाकडेतिकडे. २६ जानेवारी २००१चा भूजचा भूकंप ७.७चा. किल्लारीच्या तुलनेत ऊर्जा पावणेदोनशे-एकशेऐंशी पटीची; गुजरातमधले मृत्यू सरकारी नोंदीप्रमाणे १३,८०५, म्हणजे किल्लारीच्या दुपटीहूनही कमी. तो सकाळी पावणेनऊला झाला, माणसं उठलेली, बरीचशी झेंडावंदनाला बाहेर. २०१० साली जानेवारीत हैतीत ७.०चा भूकंप होऊन लाखावर माणसं मेली, आणि दीड महिन्याने फेब्रुवारीत चिलीत ८.८चा झाला, ऊर्जा पाचशेपट, मृत्यू सव्वापाचशेच्या आसपास. चिलीने १९६० साली आजवर मोजलेला सर्वांत मोठा भूकंप सोसला होता आणि त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम कागदावर पडून राहिले नव्हते.

किल्लारीनंतर महाराष्ट्रानेही काही कमी केलं नाही. जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखला गेला, बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, तेरा जिल्ह्यांत दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि बळकटी हाती घेतली. अभियंत्यांचं म्हणणं होतं की दगडाच्या भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे गुज घाला, दाराखिडक्यांच्या वर, लिंटेलच्या उंचीवर घराभोवती सळईची पट्टी फिरवा, माळवदावरची माती उतरवा, घर वाचेल. लोकांनी ऐकून घेतलं आणि बहुतेकांनी त्या पैशात जुन्या घराशेजारी विटांची-स्लॅबची नवी खोली बांधली. दगडाची भीती बसली होती. नवं वसवलेलं गाव चौकोनी आखणीचं, शहरी वसाहतीसारखं. घरं पक्की, पण शेजार तुटला, शेत लांब पडलं. तरी त्या भागातल्या गवंड्यांना आणि बाहेर पडून बांधकामावर देखरेख करू लागलेल्या बायकांना लिंटेलची पट्टी म्हणजे काय ते कळलं. भूजनंतर त्यातल्या काही जणी कच्छला जाऊन तिथल्या बायकांना अनुभव सांगून आल्या. वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत मात्र हे शिक्षण पोचायचं कारणच घडलं नाही. इथे कुणी मेलं नव्हतं.

४ डिसेंबर २०२४ला सकाळी सात वाजून सत्तावीस मिनिटांनी तेलंगणात मुलुगूजवळ ५.३चा भूकंप झाला. गोंदियापासून दक्षिणेला सव्वातीनशे किलोमीटरहून लांब. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर आणि गोंदियातही धक्का जाणवला. जुना, थंड, एकसंध खडक लहरी फार दूर वाहून नेतो, म्हणून एवढ्या लांबून पंखे हलले. उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर असा दूरचा धक्का जास्त जाणवतो. जीवितहानी झाली नाही, दुपारपर्यंत विषय संपला.

पण १९९७चं गोंदिया आणि २०२४चं गोंदिया यांची छपरं एक राहिलेली नाहीत. कवेलू झपाट्याने जातायत. कुंभार कवेलू करत नाही, असलेले कवेलू माकडं ठेवत नाहीत, दरवर्षी छप्पर फेरायला माणूस मिळत नाही. पत्रा आला आणि त्याच्या जोडीला स्लॅब. पाच इंच जाडीच्या काँक्रीटच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं, म्हणजे वजनाच्या हिशेबात आपण कवेलूपासून माळवदाच्या दिशेने अर्ध्याहून जास्त वाट चाललो. त्यात वाईट काही नाही, जर भिंती तो भार हलत्या जमिनीवर पेलू शकत असतील. विटांच्या भिंतीला जोत्यावर, लिंटेलवर आणि छपराखाली सळईची सलग पट्टी असली, कोपऱ्यांत उभी सळई असली, तर साधं एकमजली घर मध्यम भूकंपात माणसांना बाहेर पडू देतं. किल्लारीनंतर काढलेल्या सगळ्या मार्गदर्शिकांत हेच लिहिलंय.

जिल्ह्यात आज गावोगाव उभी राहणारी घरं घरकुल योजनेतली आहेत. पंतप्रधान आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळत आले आणि किमान २५ चौरस मीटरचं बांधकाम अपेक्षित असतं. एवढ्या पैशात लाभार्थी स्लॅब टाकायची धडपड करतो, त्यासाठी कर्जही काढतो, आणि काटकसर करायची वेळ येते तेव्हा न दिसणारी सळई आधी वगळली जाते. हप्ता मिळावा म्हणून बांधकामाच्या टप्प्याटप्प्याला मोबाइलवर फोटो काढून चढवावा लागतो. भिंत लिंटेलपर्यंत आली हे त्या फोटोत कळतं. पट्टी घरभर फिरवलीय की फक्त दाराखिडक्यांपुरती ठेवलीय, आणि तिच्यात सळई किती, हे बघायला सळई बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्याआधी कुणीतरी तिथे जाऊन उभं राहावं लागतं.